अडकित्त्यातला दगड

मडकं घ्यायला आमची आई बाजारात गेली की कुंभारणीपुढे उकिडवी बसायची, एकेक मडकं डाव्या तळव्यावर तोलायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्याच्या पोटावर वाजवायची आणि मान कलती करून ऐकायची. तो खणखणीत आवाज कानाला पटला तरच कमरेची चंची सुटायची. कुंभारीण मुकाट बसून राहायची, कारण तिलाही ठाऊक होतं की मडकं फोडून बघितलं तर त्याची ताकद बरोब्बर कळते खरी, पण मग पाणी कशात भरणार? मी उमेदीची सगळी वर्षं वणी-बल्लारपूरच्या बाजूला, कोळसा शोधायला जमिनीत भोकं पाडणाऱ्या टोळीत काढली, आणि तिथे जे शिकलो त्यातलं निम्मं आईनं त्या बाजारात आधीच शिकवून ठेवलं होतं, हे कळायला मला बराच उशीर झाला. या, बसा असे जवळ. दिवे गेलेत ते काही तासाभरात येत नाहीत. तेवढ्यात तुम्हाला दगडाची ताकद आडून कशी विचारतात ते सांगतो.

घाटाकडच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. त्याच्या लेखी दगड म्हणजे काळा फत्तर. पहार घातली तर पहारच वाकायची. पण आमच्याकडे, वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि नागपूरजवळ कामठीच्या बाजूला, त्या काळ्या फत्तराचा लाव्हा यायच्या फार आधीचे, २५ कोटी वर्षांहून जुने दगड आहेत, आणि ते नदीनं वाहून आणलेल्या रेतीचे, चिखलाचे, कुजक्या रानाचे थर दाबून झालेले आहेत. त्यातल्या एका जातीच्या वालुकाश्माला जगभरचे भूशास्त्रज्ञ कामठीचंच नाव लावतात. नागपूरचे पादरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे अजून आहे, त्यांना या दगडांचं भारी वेड. थरांत दबलेल्या पानांचे ठसे ते हौसेनं गोळा करत हिंडायचे. पुढे १८६३ साली टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले बिचारे.

हां, तर गाळाचा दगड. संक्रांतीचा तिळाचा लाडू आठवा. लाडू हातात घेताच भुगा झाला तर आपण तिळाला बोल लावतो का? बोल पाकाला. वालुकाश्माचंही तसंच आहे. त्यातले रेतीचे कण गारगोटीचे, इतके कठीण की चाकूच्या पात्यावर ओरखडा उमटवतील, आणि तरीही काही दगडांतून तेच कण तुम्ही नुसत्या चिमटीनं खुडून काढू शकता, कारण त्यांना धरून ठेवणारा पाक कच्चा राहिलेला असतो. पाक गारेचाच असला तर दगड पोलादाशी बोलतो, चुन्याचा असला तर बरा, आणि मातीचा असला तर मग देवाचं नाव घ्यायचं. आमची आजी कढईत तीळ घालायच्या आधी पाकाचा एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी चाचपायची. पन्नास लाडू वळून, ते जमिनीवर आपटून, मग पाक जमला की नाही हे तिनं कधी ठरवलं नाही. आता बघा, लाडवाचा कणखरपणा तिनं लाडू व्हायच्या आधीच, भलत्याच गोष्टीवरून ओळखला. दगडाच्या बाबतीत याच युक्तीला प्रयोगशाळेतले लोक अप्रत्यक्ष चाचणी म्हणतात आणि तिच्यावर भलेमोठे शोधनिबंध लिहितात.

सरळ विचारायची रीतही आहे, नाही कशाला म्हणू. जमिनीतून यंत्रानं दगडाचा लांबट दांडा काढायचा, त्याला आम्ही कोअर म्हणतो, मनगटाएवढा जाड. जाडीच्या अडीच-तीन पट लांबीचा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं अशी घासायची की उंचसखलपणा मिलिमीटरच्या दोन शतांशाहून जास्त राहू नये, आणि मग तो उभा करून यंत्रात दाबत जायचं, धाडकन फुटेपर्यंत. फुटताना दर चौरस सेंटिमीटरवर किती भार होता ती त्याची ताकद. बऱ्यापैकी वालुकाश्म ५० मेगापास्कलला फुटतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ५ क्विंटल धान्य रचल्यासारखं.

ऐकायला सोपं. पण ज्या दगडाची काळजी सगळ्यात जास्त, तोच या परीक्षेला बसत नाही. शेल नावाचा एक दगड आहे, चिखलाचा, खारी बिस्किटासारखा पदर सुटणारा. त्याचा वीतभर अखंड तुकडा मिळाला तर गावात साखर वाटावी. ड्रिलचं पाणी लागलं की फुगतो, करवत लागली की फुटतो, आणि घासायला घेतला की हातात पापुद्रे. एकदा जूनच्या सुरुवातीला मी असा एक सुंदर राखाडी कोअर, चांगला हातभर, लाकडी पेटीत ठेवून वर झाकण लावलं आणि फुशारकीनं साहेबाला कळवलं की या खेपेला अखंड नमुना आहे. पेटी राहिली पडवीत. मेणकापडात गुंडाळायला हवा होता ते राहून गेलं, चूक माझीच. आठ दिवसांच्या दमट हवेनंतर साहेबासमोर झाकण उघडलं तर आत कोअर कुठला, बाभळीची साल भरून ठेवल्यासारखे नुसते कपचे! साहेब बघत राहिले, मग म्हणाले, "चला, टिकत नाही हे तरी कळलं."

आणि मोजायला बसणारे दगड तरी सरळ कुठे बोलतात? थर आडवे ठेवून वरून दाबलं तर दगड एक उत्तर देतो, थर तिरपे आले तर त्याच खडकाचा तुकडा भलत्याच कमी भाराला थरावरून घसरून मोडतो. चिरोटा वरून दाबून बघा आणि मग कडेनं तिरपा दाबून बघा. म्हणून कुणी नुसता आकडा सांगितला की जाणता माणूस विचारतो, थराच्या कोणत्या अंगानं?

मग करायचं काय? सगळ्यात जुनी रीत म्हणजे नख, चाकू आणि हातोडा, आणि तुम्हाला गंमत वाटेल, जगभरच्या खडक-अभियंत्यांच्या संघटनेनं तिला रीतसर शिडी करून दिली आहे. नखानं ठसा उमटला तर दगड १ मेगापास्कलच्याही खालचा. हातोडीच्या टोकानं ठोकताच भुगा झाला आणि चाकूनं काकडीसारखी साल निघाली तर १ ते ५. साल निघते पण चाकू कुरकुरतो, तर ५ ते २५. चाकू चालेना पण हातोडीच्या एकाच जोरकस घावात दोन तुकडे झाले तर २५ ते ५०. एकाहून जास्त घाव लागले तर १०० पर्यंत, पुष्कळ घाव लागले तर २५० पर्यंत, आणि त्याच्याही पुढचा जो असतो त्यावर हातोडी मारली की नुसत्या कपच्या उडतात आणि घंटेसारखा नाद येतो. आमचे दगड बहुतेक या शिडीच्या खालच्या तीन-चार पायऱ्यांवरच बसलेले असायचे. आणि खरं सांगू, सकाळी शिडी लावून केलेला माझा अंदाज आणि महिन्याभरानं प्रयोगशाळेतून आलेला आकडा यांत फार क्वचित भांडण व्हायचं.

पण मनगट हे मनगट. तुझा घाव आणि माझा घाव सारखा कसा? १९५० च्या आसपास अर्न्स्ट श्मिट नावाच्या एका स्विस इंजिनिअरनं काँक्रीट तपासायला एक हातोडा काढला, त्यात घाव घालायचं काम स्प्रिंगकडे दिलं. जाड बॅटरीसारखी नळी, पुढे दांडी. दांडी दगडावर टेकवून दाबत गेलं की आतला ठोकळा सुटतो, दांडीवर आदळतो आणि उलट उसळतो, आणि किती उसळला ते कडेच्या पट्टीवर दिसतं. गोट्या खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गोटी शेणानं सारवलेल्या जमिनीवर टाकली की तिथेच बसते, शहाबादी फरशीवर टाकली की टणकन गुडघ्याला येते. (ती शहाबादी फरशीही गाळाचाच दगड बरं का, कर्नाटकातल्या शहाबादचा चुनखडक.) दगडासाठी या हातोड्याचा हलका प्रकार बरा, त्याचा घाव म्हणजे अर्धा किलोचं माप अर्ध्या फुटावरून पडल्याएवढा, थोरल्या प्रकाराचा त्याच्या तिप्पट, आणि तो मऊ शेलवर मारला की उसळायच्या ऐवजी खड्डाच पाडतो. तरी यालाही फसवता येतं. वरचा पापुद्रा आतून सुटलेला असला, दगड ओला असला, की ठोकळा कमी उसळतो आणि चांगला दगड नापास होतो. म्हणून एका जागी मारून भागत नाही, वीस ठिकाणी मारायचं आणि सरासरी काढायची. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण एकजीव शिजलेल्या भाताला ठीक. आमचा भात वर कच्चा, मध्ये मऊ आणि खाली करपलेला.

आता माझी आवडती चाचणी. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवतो? सुपारी दोन पात्यांत धरली, मूठ आवळली की टचकन दोन भकलं. पॉइंट लोड नावाचं यंत्र म्हणजे शुद्ध अडकित्ता: वरून एक बोथट लोखंडी टोक, खालून एक, मध्ये दगड, आणि बाजूला हातपंपाचा जॅक. कापायला नको, घासायला नको; मुठीएवढा वाकडातिकडा गोटा असला तरी चालतो. जीपच्या मागच्या फळीवर ठेवून मी झाडाखाली दिवसाला पन्नास-पन्नास दगड फोडले आहेत.

आणि यात एक गंमत दडलेली आहे, नीट ऐका. दोन्ही बाजूंनी आपण दाबतो, पण दगड दाबानं चिरडत नाही, तो ताणानं फाटतो. कणकेचा गोळा तळव्याखाली दाबला की कडेनं पसरतो ना, तसंच दगडालाही पसरावंसं वाटतं. पण कणकेसारखा लवचीकपणा त्याच्यात नाही, म्हणून तो मधोमध चिरतो. दगड दाब सोसायला पहिलवान आणि ताण सोसायला अगदी नाजूक, दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून एवढ्याशा हातपंपाला तो ऐकतो.

हे ताणानं चिरण्याचं कोडं उलगडलं त्याची गोष्ट पार ब्राझीलमधली आहे. १९४३ साली रिओ शहरात एक भलाथोरला हमरस्ता काढायचा होता आणि त्याच्या वाटेत सेंट पीटरचं दोनशे वर्षांचं जुनं देखणं चर्च उभं होतं. कुणीतरी म्हणालं, पाडू नका, खाली रूळ घालून आख्खंच्या आख्खं बाजूला सरकवू, आपण जड पेटी खाली नळ्या घालून सरकवतो तसं. रूळ काँक्रीटचे करायचे ठरले. पण चर्चचं ओझं रूळ आडवे पडून झेलणार, तेव्हा आडवे ठेवूनच दाबून बघायला हवेत, म्हणून फर्नांडो कार्नेरो नावाच्या तरुण इंजिनिअरकडे ते काम आलं. रूळ प्रत्येक वेळी वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत, मधोमध, सरळ चिरले. कार्नेरोनं गणित मांडलं तेव्हा दिसलं की वरून-खालून दाबलेल्या गोल वस्तूच्या पोटात आडवा ताण उभा राहतो, आणि तो किती हे नेमकं सांगता येतं. मग काँक्रीटचा किंवा दगडाचा ताण मोजायला त्याला दोन्हीकडून ओढत कशाला बसायचं? भाकरीसारखी चकती कापा, चाकासारखी उभी करा आणि दाबा. त्याच वर्षी जपानात अकाझावा नावाच्या माणसाला हीच युक्ती सुचली होती; मधे महायुद्ध पेटलेलं, एकाला दुसऱ्याची खबर नाही. आज जगातल्या दगडांच्या प्रयोगशाळांत ब्राझिलियन टेस्ट या नावानं रोज चकत्या फुटतात. चर्च मात्र वाचलं नाही. पुढच्याच वर्षी ते पाडलं.

तर पुन्हा आमच्या अडकित्त्याकडे. समजा ५० मिलिमीटर जाडीचा कोअर ५०० किलोंच्या जवळपास भाराला फुटला. भागाकार करून आकडा येतो २. मग १९७२ साली ब्रॉख आणि फ्रँकलिन या दोघांनी दिलेला गुणक लावायचा, २४. म्हणजे दगडाची दाबाची ताकद ४८ मेगापास्कल, झालं काम, असं आम्ही पोरंटोरं वर्षानुवर्षं करत आलो. इथेच चोर शिरतो. तो २४ काही देवानं दिलेला आकडा नाही. दगड बदलला की हा गुणक १५ पासून ५० पर्यंत कुठेही हिंडतो, हे त्या जागतिक संघटनेनंच १९८५ मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे तुमचा तोच २ कुणाच्या हिशेबी ३० होईल, कुणाच्या हिशेबी १००. आणि आमच्या असल्या मऊ, मातकट पाकाच्या दगडांत तो २४ च्या खाली उतरायचीच धास्ती जास्त, म्हणजे डोळे मिटून २४ नं गुणणारा माणूस कमकुवत छताला मजबूत म्हणून बसायचा.

पूर्वी प्रत्येक गावची पायली वेगळी असायची. सोयऱ्याच्या गावाहून चार पायल्या ज्वारी आली की आई आधी तिकडच्या पायलीचं माप विचारायची. गुणकाचंही तेच. ज्या खोऱ्यातला दगड, त्याच खोऱ्यातले दहा-वीस चांगले तुकडे खर्च करून एकदा यंत्रात सरळ दाबायचे, त्यांचेच भाऊबंद अडकित्त्यात फोडायचे, दोन्ही आकडे शेजारी मांडून त्या गावची पायली ठरवायची, आणि मग बाकीच्या शेकड्यांनी तुकड्यांना ती लावायची. वालुकाश्माची पायली शेलला लावायची नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि घाई असली की सगळेच विसरतात.

आणि पाणी. पाण्याला तर मी सगळ्यात वर ठेवतो. ब्रिटनच्या वालुकाश्मांवर १९९२ मध्ये एक अभ्यास छापून आला होता: कोरडा दगड आणि तोच पाण्यानं भरलेला, यांची ताकद मोजली, तर गारेच्या पाकाच्या दगडानं ८ टक्के ताकद गमावली आणि मातीच्या पाकाच्यानं ७८ टक्के. उन्हाळ्यातला पहिलवान पावसाळ्यात अंथरुणाला खिळला म्हणा ना. म्हणून आणखी एक चाचणी करतात, ती बघायला जत्रेतल्या पाळण्यासारखी: जाळीचं एक पिंप निम्मं पाण्यात आडवं ठेवलेलं, त्यात सुकवलेल्या दगडाचे दहा खडे, एकेक ४०-६० ग्रॅमचा, आणि मिनिटाला २० फेऱ्यांनी दहा मिनिटं तो पाळणा फिरवायचा. जाळीत उरेल ते पुन्हा सुकवून तोलायचं, पुन्हा फिरवायचं. टोस्ट असला तर उरतो, खारी असली तर तळाशी गाळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या चिखलाचा दगड झाला, तो अर्ध्या तासात पुन्हा चिखल होताना मी पाहिला आहे, आणि त्या पिंपासमोर बसलो की माझा वेळ कसा जायचा ते मला कळत नसे.

आमच्या आजीची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पण प्लेगात गाव माळावर झोपड्यांत गेलं तेव्हा ती चुलीपुढे बसण्याएवढी होती, अमक्या पुरात थोरला मामा तिच्या कडेवर होता, असे दोन-तीन धागे जुळवून घरातल्यांनी तिचं वय काढलं. एकाच आठवणीवर भिस्त ठेवली असती तर दहा वर्षं चुकली असती. दगडाचं वेगळं नाही: हातोड्याची उसळी एक सांगते, अडकित्ता एक सांगतो, पाळणा तिसरंच काही सांगतो, तिघं एका वाटेला आले तर विश्वास ठेवावा, भांडायला लागले तर पुन्हा खाली उतरून दगड बघावा.

खाली म्हणजे खाणीत. तिथे या सगळ्याची गरज, कारण कोळसा काढला की डोक्यावर उरतो तो हाच वालुकाश्म नाहीतर हाच शेल. खाणीत ड्रेसर म्हणून एक कामगार असतो. पाळी सुरू झाली की हातातल्या लोखंडी सळईनं छत ठोकत जायचं आणि सुटलेला दगड पाडून टाकायचा, हे त्याचं काम. एकदा मी माझे छान रंगवलेले आकडे घेऊन एका ड्रेसरबरोबर खाली उतरलो. माझ्या कागदावर त्या जागेचा दगड चांगला होता. त्यानं सळई वर टेकवून ठोकली, दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावला, मान कलती केली, आणि म्हणाला, "मांगं सरका जी. हे पोकळ बोलून राह्यलं." मी सरकलो. त्यानं सळईचं टोक फटीत घालून हिसडा दिला आणि बैलगाडीच्या चाकाएवढं एक भकल, हातभर जाड, जिथे मी उभा होतो तिथे येऊन पडलं. दगड माझ्या कागदावर लिहिला होता तसाच चांगला, कणखर होता. वरच्या थरापासून सुटलेला होता, एवढंच.

त्या रात्री मला आईची कलती मान आठवली.

भारतातल्या कोळसा खाणींच्या छताला गुण द्यायची एक पद्धत १९८७ मध्ये ठरली, ती अजून चालते. एकूण गुण १००. थराच्या जाडीला ३०, भेगा-फटींना २५, पाण्याहवेत टिकण्याला २०, झिरपणाऱ्या पाण्याला १०, आणि अडकित्त्यात फोडून काढलेल्या त्या ताकदीला १५.